प्रेमाचं ठीक, प्रयोगाचं काय?

गोष्टवाली : बाई, सरळच विचारते. दोन बायकांच्या प्रेमाची ऐतिहासिक कादंबरी मराठीत का नसावी? आणि त्या दोघी शास्त्रात काम करणाऱ्या का नसाव्यात? इंग्रजीत आता अशा कादंबऱ्यांची रांग लागली आहे. ऑलिव्हिया वेट यांची ‘द लेडीज गाइड टू सेलेस्टियल मेकॅनिक्स’ २०१९ मध्ये आली. काळ १८१६चा. ल्यूसी नावाची मुलगी वर्षानुवर्षं बापाच्या नावावर आकाशाची गणितं सोडवत आलेली. बाप वारतो, भाऊ दुर्बीण विकायला निघतो आणि जिच्यावर जीव होता ती मैत्रीण लग्न करून मोकळी होते. मग ही लंडनला एका विधवा सरदारणीच्या दारात उभी राहते आणि म्हणते, तो फ्रेंच खगोलग्रंथ इंग्रजीत मी आणते. विज्ञानमंडळातले पुरुष तिला उडवून लावतात, सरदारीण पदरचा पैसा घालते. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. पुस्तक मिटलं तेव्हा मनात आलं, हे आपल्या अमरावतीजवळच्या नांदगाव पेठेत घडलं असतं तर?

शास्त्रवाली : नांदगाव पेठेत १८१६ साली दुर्बीणही नव्हती आणि पैसा घालणारी सरदारीणही नव्हती. पण ते राहू दे, माझं भांडण वेगळं आहे. दोन बायकांनी एकमेकींवर प्रेम केलं तर माझं काही म्हणणं नाही. शाळेत मी सदतीस बाकांपुढे उभी राहिलेली बाई आहे, कोण कोणाकडे कसं बघतं हे मला कधी कोणी शिकवावं लागलं नाही. माझी तक्रार शास्त्राच्या बाजूने आहे. बाई कितीही शिको, शेवटी तिची प्रेमकथाच का सांगायची? आनंदीबाई जोशींचं बघ. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या. प्रबंध होता आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्रावर. त्यात काय लिहिलं होतं, हे आपल्या जिल्ह्यात कोणाला विचार. एक हात वर होणार नाही. त्यांच्या नवऱ्याचा, गोपाळरावांचा राग मात्र सगळ्यांना तोंडपाठ, कारण श्री. ज. जोशींची १९६८ची कादंबरी ‘आनंदी गोपाळ’, त्यावरचं नाटक, मग २०१९चा सिनेमा. कादंबरीच्या नावातसुद्धा बायकोला नवरा चिकटलेला आहे. आता तू म्हणतेस, नवऱ्याच्या जागी मैत्रीण ठेवू. ठेव. प्रबंध तरीही न वाचलेलाच राहणार.

गोष्टवाली : तुम्ही माझंच काम केलंत बाई. मराठीने शास्त्रातल्या बाईची प्रेमकथा आधीच लिहून ठेवली आहे आणि ती वाईट वाटत नाही, कारण तिच्यात नवरा आहे. म्हणजे आक्षेप प्रेमकथेवर नसतोच. प्रेमकथा कोणाबरोबर, यावर असतो.

शास्त्रवाली : माझा नाही. लोकांचा असेल. माझ्या तोंडात लोकांचा आक्षेप घालू नकोस.

गोष्टवाली : बरं, नाही घालत. मग तुमच्या आक्षेपाला उत्तर देते. त्या इंग्रजी कादंबरीत मला काय आवडलं सांगू? प्रेम आणि काम ही दोन वेगळी खाती नाहीत. त्या दोघी एकमेकींच्या जवळ येतात त्या कामातून. ल्यूसी भाषांतर करताना मूळ ग्रंथात नसलेल्या पायऱ्या भरत जाते, म्हणजे गणित न शिकलेल्या बायकांनाही तो वाचता यावा. आणि ती सरदारीण भरतकाम करते. फुलं, पानं, किडे, शिंपले, जे पाहिलं ते जसंच्या तसं. तिच्या नवऱ्याला ते बायकी चाळे वाटत. ल्यूसीला त्यात निरीक्षण दिसतं. एका बाईचं काम दुसरीला पहिल्यांदा ‘काम’ म्हणून दिसणं, हाच त्या गोष्टीतला प्रणय. हे चांगल्या हाताने लिहिलं तर शास्त्र मागे पडत नाही, उलट प्रेम कळायला शास्त्र कळावं लागतं.

शास्त्रवाली : हे बोलणं मला पटण्यासारखं आहे, म्हणून जास्त सावध होते. कागदावर हे होत नाही. लेखिका पहिल्या वीस पानांत सूक्ष्मदर्शक आणते आणि एकविसाव्या पानापासून त्यात कोणी डोकावत नाही. कमला सोहोनींचं घे. १९३३ साली मुंबईची बी.एस्सी. होऊन त्या बंगळूरच्या विज्ञान संस्थेत गेल्या आणि संचालक सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत, तेव्हा अटी घालून घेतलं. वर्षभर उमेदवारी, काम पसंत पडलं तरच मान्यता, आणि पुरुष सहकाऱ्यांचं लक्ष विचलित होता कामा नये. ही गोष्ट महिला दिनाला प्रत्येक भाषणात असते. पण पुढे केंब्रिजमध्ये त्यांनी बटाट्यात काय शोधलं? सायटोक्रोम-सी. पेशी श्वास घेते तेव्हा इलेक्ट्रॉन पुढे पोचवणारं प्रथिन. प्राण्यांत ते माहीत होतं, वनस्पतीच्या पेशीही तोच मार्ग धरतात हे त्यांनी बटाट्यातून दाखवलं. चाळीस पानांचा प्रबंध, १९३९ साली पीएच.डी. मी तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. मुलींना अपमान लक्षात राहायचा, बटाटा नाही. अपमानाची गोष्ट होते, बटाट्याची होत नाही. तुझी कादंबरी बटाट्याची गोष्ट करणार आहे का?

गोष्टवाली : बटाट्याची नाही, कापसाची. तिथे येतेच. पण आधी रामन यांच्या त्या अटीकडे परत चला. तुम्हाला त्यात अपमान दिसतो, मला त्यात एक फट दिसते. पुरुषांशी बोलायचं नाही, पुरुषांमध्ये मिसळायचं नाही. पुढे त्याच माणसाच्या प्रयोगशाळेत अन्ना मणी आल्या, तेव्हाही मुलं आणि मुली यांच्यात भिंत होतीच. वसतिगृहं वेगळी, जेवण वेगळं, फिरायला जाणं वेगळं. सगळा पहारा एकाच दारावर. दोन मुली रात्री एका कंदिलाखाली एक वही घेऊन बसल्या तर रेक्टरबाई कौतुक करणार, काय अभ्यासू पोरी आहेत! ऐतिहासिक कादंबरीकाराला आणखी काय हवं? ज्या नजरेने बायकांना कोंडलं, त्याच नजरेला हे दिसत नव्हतं.

शास्त्रवाली : आणि अन्ना मणींनी लग्न केलं नाही, १९४८ पासून पुण्याच्या हवामान खात्यात उपकरणं घडवत बसल्या, म्हणजे झालं तुझं काम! काहून गं? एखाद्या बाईचं प्रेम भौतिकशास्त्रावर असू शकत नाही? अविवाहित पुरुष शास्त्रज्ञ दिसला की आपण ‘ध्येयवेडा’ म्हणतो. बाई दिसली की आधी लोक म्हणायचे हिला कोणी पत्करलं नसेल, आता तुम्ही म्हणता हिची कोणीतरी ‘ती’ असेल. दोन्हीकडे तिचं काम अपुरं ठरतं, काहीतरी भर घातल्याशिवाय चालत नाही.

गोष्टवाली : अन्ना मणींचं नाव मी घेणार नाही, कमलाबाईंचंही नाही. हे मी मान्य करते, मनापासून. खऱ्या माणसाच्या आयुष्यात पुरावा नसलेलं प्रेम घालणं म्हणजे थापच. पण पुरावा नसणं आणि पुरावा नाहीसा केलेला असणं यांत फरक आहे. तुम्हाला रखमाबाई माहीत आहेत.

शास्त्रवाली : माहीत नसायला काय झालं? अकराव्या वर्षी लग्न, दादाजी भिकाजीने नांदायला यावं म्हणून केलेला खटला. १८८७ साली कोर्टाने सांगितलं नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, आणि ही म्हणाली तुरुंग चालेल. पुढे सुरत आणि राजकोटला डॉक्टर.

गोष्टवाली : मधली पाच वर्षं सुटली. १८८९ ते १८९४, लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन. ती शाळा १८७४ मध्ये निघाली सोफिया जेक्स-ब्लेक यांच्या धडपडीतून. एडिंबरा विद्यापीठात वैद्यक शिकायला घुसलेल्या पहिल्या सात जणींची ही पुढारी. त्या सातांतल्याच एडिथ पीची मुंबईला कामा हॉस्पिटलच्या प्रमुख होत्या आणि रखमाबाईंना विलायतेला पाठवण्यात त्यांचा मोठा हात होता. म्हणजे आपली रखमाबाई या वर्तुळात चालत गेली आहे. आता जेक्स-ब्लेकबाईंचं घर बघा. त्यांच्यापेक्षा बरीच लहान असलेली मार्गारेट टॉड त्यांच्या एडिंबराच्या शाळेत विद्यार्थिनी म्हणून आली. १८९४ मध्ये डॉक्टर झाली, पुढे दोघी ससेक्समध्ये एका घरात राहिल्या, १९१२ मध्ये जेक्स-ब्लेक गेल्या तोपर्यंत. तिने त्यांचं चरित्र लिहिलं, १९१८ मध्ये छापलं. आणि खाजगी कागद जेक्स-ब्लेक यांच्या इच्छेनुसार नष्ट झाले. तुम्ही रसायनशास्त्राच्या बाई, म्हणून एक खास तुमच्यासाठी : फ्रेडरिक सॉडी यांना ‘आयसोटोप’ हे नाव १९१३ मध्ये सुचवणारी डॉक्टरबाई हीच.

शास्त्रवाली : ती ही? आयसोटोप मी फळ्यावर किती वेळा लिहिला असेल. नाव कोणी दिलं हे आमच्या पाठ्यपुस्तकात नव्हतं.

गोष्टवाली : अजून ऐका. हीच टॉड कादंबरीकार होती. विद्यार्थिनी असतानाच १८९२ मध्ये ‘मोना मॅक्लीन, मेडिकल स्टुडंट’ लिहिली, तीही पुरुषी टोपणनावाने. शास्त्र शिकणाऱ्या बाईची कादंबरी, शास्त्र शिकणाऱ्या बाईने लिहिलेली. आणि शेवटी नायिकेचं लग्न एका डॉक्टर पुरुषाशी लावून दिलं. स्वतः ज्या घरात राहायची, ते घर तिला कादंबरीत लिहिता आलं नाही. मला लिहायचं आहे ते तिचं राहिलेलं पुस्तक.

शास्त्रवाली : थांब. नष्ट केलेल्या कागदात काय होतं हे तुला माहीत नाही. मलाही नाही. ज्या बाईने सांगितलं जाळा, तिची काही इच्छा होती. ती इच्छा भीतीतून आली असेल, किंवा माझं घर माझं आहे, तुमच्या वाचनाला नाही, अशा साध्या मानीपणातून आली असेल. तू भीतीच धरून चालतेस, कारण भीती धरली की तुला कागद उघडायचा हक्क मिळतो.

गोष्टवाली : म्हणून तर कादंबरी! चरित्र लिहिलं असतं तर तुमचं बोलणं शेवटचं होतं. कादंबरीत मी माणसं नवी घडवते, फक्त त्यांच्या पायाखालची जमीन खरी ठेवते.

(संवाद लिहून घेणाऱ्याची टीप : इथे मैत्री या विषयावर दोघींचे आवाज चढले. बाईंचा मुद्दा असा की दोन बायकांची मैत्री स्वतःच पुरेशी मोठी गोष्ट आहे. आधी समाजाने ती क्षुल्लक मानली, आता कादंबरीवाले तिला प्रेमाच्या खालची पायरी मानतात. गावात नर्सबाई आणि मास्तरीणबाई एका खोलीत तीस वर्षं राहिल्या तर त्यांना एकमेकींच्या मैत्रिणी का राहू देत नाही? दुसरीचं म्हणणं, तीस वर्षं एका खोलीत राहणाऱ्या बाई-पुरुषाला आपण ‘फक्त मित्र असतील’ म्हणायची सूट देतो का? मला दोघींचंही पटलं आणि दोघीही एकमेकींना पटल्या नाहीत. तो भाग इतकाच ठेवतो.)

शास्त्रवाली : जमिनीचं म्हणालीस. तर तुझ्या जमिनीवर उभं कोण राहणार? मला नायिका आत्ताच दिसतात. दोघी गोऱ्यागोमट्या, दोघींचे बाप सुधारक, दोघींच्या घरी ग्रंथांची कपाटं. एक वकिलाची मुलगी, एक मामलेदाराची. अमरावतीचं किंग एडवर्ड कॉलेज १९२३ मध्ये निघालं, तिथे पोचलेल्या मुली कोणत्या घरच्या असणार? आणि बाकीच्या वऱ्हाडातल्या बायका तुझ्या कादंबरीत पाणी आणून देतील. जुलै १९४२ मध्ये नागपुरात दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली, अध्यक्ष आपल्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. त्या व्यासपीठावरून त्या संततिनियमनावर बोलल्या. शरीर, औषध, आरोग्य, हे शास्त्र नाही? पण ‘विज्ञानातील स्त्रिया’ म्हटलं की ती यादी कॉलेजच्या पायरीवर सुरू होते.

गोष्टवाली : आता कापसाकडे येते. माझी एक नायिका कॉलेजची आहे, हे खरं. वनस्पतिशास्त्र शिकलेली, १९३५ च्या सुमाराची. दुसरी नांदगाव पेठेची. पऱ्हाटी वेचणारी. तिला अक्षर येत नाही आणि ती बोंड हातात घेऊन धाग्याची लांबी सांगते.

शास्त्रवाली : कशी सांगते? लिहायचं असेल तर माहीत पाहिजे.

गोष्टवाली : आजी करायची ते पाहिलं आहे. रुईचा चिमूटभर पुंजका दोन्ही हातांच्या अंगठा-बोटांत धरायचा आणि ओढून दोन भाग करायचे. एक भाग दुसऱ्यावर ठेवायचा, पुन्हा ओढायचा. बाहेर आलेले आखूड, मोडके तंतू झटकून टाकायचे. असं सात-आठ वेळा केलं की सगळे तंतू एका दिशेला येतात आणि टोकं सरळ होतात. मग तो जुडगा काळ्या लुगड्यावर मांडीवर ठेवायचा. पांढरं काळ्यावर उठून दिसतं. लांबी डोळ्याने, बळ कानाने : जुडगा तोडताना आवाज कसा येतो त्यावर.

शास्त्रवाली : माटुंग्याला कापसाची सरकारी प्रयोगशाळा १९२४ मध्ये निघाली, तिथे यंत्रावर हेच करत. तंतू लांबीप्रमाणे वेगळे करायचे आणि काळ्या मखमलीवर उतरत्या क्रमाने मांडायचे. काळं लुगडं आणि काळी मखमल! हे मला आवडलं. पुढे?

गोष्टवाली : वऱ्हाडात जुना बनी कापूस होता, लांब आणि मऊ धाग्याचा. त्याला रुई कमी पडायची. शेतकऱ्याला पैसे मिळायचे वजनाचे, म्हणून आखूड, जाडसर जातींनी त्याला हटवलं. रोझियम आला, सरकीमागे रुई भरपूर, धागा आखूड. गिरणीवाल्यांना लांब धागा पाहिजे, शेतकऱ्याला जास्त रुई. माझी वेचणारी बाई दर हंगामात मधल्या वेच्यातली काही बोंडं बाजूला काढते. धागा लांब आहे आणि बोंडही भरलेलं आहे, अशीच. सरकी मडक्यात राखेत ठेवते, बांधाच्या एका तासात, म्हणजे ओळीत, वेगळी लावते. पहिल्या वेच्याला सीतादहीच्या पूजेचा भात त्या तासालाच आधी. कॉलेजवाली गावात नमुने गोळा करायला येते आणि तिला तो तास दिसतो. ती विचारते, हे तुम्हाला कोणी शिकवलं? बाई म्हणते, कोणी कशाला शिकवेल? बाई, तिथे माझी गोष्ट सुरू होते. एकीला निवड-पद्धतीचं नाव माहीत आहे, दुसरीच्या मडक्यात पाच वर्षांची निवड आहे.

शास्त्रवाली : आणि शोधनिबंध कोणाच्या नावावर जातो?

गोष्टवाली : तेच त्यांचं पहिलं भांडण.

शास्त्रवाली : चांगलं आहे. पण याच जागी तू घसरशील. भांडण झालं, रडणं झालं, कॉलेजवालीने माफी मागितली, मिठी मारली, निबंधावर दोन नावं आली. प्रेमाने अन्याय मिटवून टाकशील. प्रत्यक्षात वेचणारीचं नाव त्या काळी कोणत्या अहवालात आलं असतं? प्रेम असूनही कॉलेजवाली ते नाव गाळते, आणि प्रेम खरंच असतं, असं लिहायची तयारी आहे? शेत कोणाचं, बांध कोणाचा, ती कोणाच्या विहिरीवर पाणी भरू शकते, हे प्रश्न दोघींच्या अंथरुणातही येणार. पुरुषाने कामाचं श्रेय लाटलं तर आपण त्याला शोषण म्हणतो. बाईने प्रेमात लाटलं तर काय म्हणायचं? आणि दुसरं, तिच्या मनातलं तू कोणत्या भाषेत लिहिणार? तिच्या वऱ्हाडीत, की तुझ्या पुस्तकी मराठीत? पाचव्या पानापर्यंत ती तुझ्यासारखी बोलायला लागेल, बघ.

गोष्टवाली : याचं उत्तर माझ्याकडे नाही. भाषेचंही नाही, श्रेयाचंही नाही. एवढंच कळतं की श्रेयाचं भांडण मिठीत संपवलं तर कादंबरी खोटी होईल. पण बाई, एका गोष्टीवर मी मागे हटणार नाही. शेवट सुखाचा.

शास्त्रवाली : १९३५ मध्ये? एक वेचणारी, एक बी.एस्सी.? सुखाचा?

गोष्टवाली : हो. आपल्याकडे या विषयाचं नाव घेतलं की तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ आठवतं. १९८१ मध्ये ते रंगभूमीवर आलं, धाडसाचंच होतं. पण मित्रा शेवटी जीव देते. आपल्याकडच्या गोष्टींतून अशी बाई जगून पुढे जाताना फार कमी दिसते. एखादी मुलगी त्या गोष्टींत स्वतःला शोधायला गेली तर तिला प्रेत सापडतं. तुम्ही म्हणाल, तो काळच तसा होता. मग आजचा काळ घ्या. याच नागपूर रस्त्यावर, दीडशे किलोमीटरवर, डिसेंबर २०२१ मध्ये दोन महिला डॉक्टरांनी चारचौघांत अंगठ्या घातल्या, पेपरात फोटो आले. त्याआधी तीन वर्षं, ६ सप्टेंबर २०१८ ला, सर्वोच्च न्यायालयाने ३७७ कलमाचा जुना फास काढला होता. १७ ऑक्टोबर २०२३ ला त्याच न्यायालयाने लग्नाचा हक्क द्यायला नकार दिला. म्हणजे दोघी आहेत, डॉक्टर आहेत, आणि कायद्याच्या वहीत त्यांचं नातं नाही. शोधनिबंधात वेचणारीचं नाव नाही, तसंच. मला त्या डॉक्टरांसाठी एक मागची पिढी लिहायची आहे.

शास्त्रवाली : मागची पिढी हवी म्हणून तयार करायची, याला इतिहास म्हणत नाहीत. इतिहासाची गरज तुझी आहे, त्या काळच्या बायकांची नाही. आणि सुखान्त हा तुमच्या त्या इंग्रजी प्रकाराचा नियमच आहे, नाही का? वाचक पैसे देतो तो शेवट नक्की गोड असेल म्हणून. प्रयोगात निष्कर्ष आधी ठरवून बसलेल्या मुलाला मी शून्य गुण द्यायची.

गोष्टवाली : आणि दरवेळी जीव देणारा शेवट, तोही आधी ठरलेलाच निष्कर्ष ना?

शास्त्रवाली : ...हो. तेही शून्यच.

गोष्टवाली : सुख म्हणजे मी लग्नमंडप म्हणत नाही. एक भाड्याची खोली, जिनिंगच्या भोंग्याच्या टप्प्यात. कॉलेजवाली शाळेत शिकवते. दुसरी वेचायला जातेच, कारण पोट आहे. तास दरवर्षी लावला जातो. निबंधाचं भांडण अर्धं मिटलेलं, अर्धं नाही. लोक काय म्हणतात ते म्हणतात. दोघी म्हाताऱ्या होतात. एवढंच.

शास्त्रवाली : एवढं असेल तर मला ते सुख चालेल, कारण त्यात काम चालू आहे. तुझ्या वेचणारीच्या तोंडी भाषा कोणाची, हे तू मला पटवलेलं नाहीस. मैत्रीचा माझा आक्षेपही जागच्या जागी आहे. तरी लिही. पण पहिलं प्रकरण प्रेमाचं नको, त्या तासाचं लिही, आणि ते आधी शेतात जाऊन चार वेचणाऱ्यांना वाचून दाखव, मग मला. जिथे हसायला नको तिथे त्या हसल्या, तर तेवढं पान फाड.

गोष्टवाली : फाडीन. पण दोघींपैकी एकीलाही विहिरीकडे पाठवणार नाही.

शास्त्रवाली : नको पाठवूस. आणि रोझियमचा धागा एक इंच लांब लिहिलास, तर हस्तलिखित न वाचता परत करीन.